पट्टेदार माशाचा मौसम : अमेरिकेतील भाड्याच्या होड्यांचा कारोबार

कापड असो, कातडे असो वा किराणा, व्यापाराची रीत सरळ आहे. गिऱ्हाइकाने दाम मोजावा आणि माल घरी न्यावा. परंतु अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात एक निराळाच धंदा चालतो. त्यात गिऱ्हाईक पहाटे अंधारात धक्क्यावर येऊन उभे राहते, शेकडो डॉलर मोजते, दिवसभर लाटांवर हेलकावे खात मेहनत करते आणि हाती आलेला बहुतेक माल स्वतःच्याच हाताने परत पाण्यात सोडून देते. घरी जाताना ते नाराज नसते. कित्येकजण तर पुढच्या उन्हाळ्याची तारीख नोंदवूनच जातात.

हा धंदा म्हणजे स्ट्राइप्ड बास नावाच्या पट्टेदार माशाच्या शिकारीसाठी होड्या भाड्याने देण्याचा. तेथे त्याला चार्टर फिशिंग म्हणतात. यात नेमके विकले काय जाते आणि हा धंदा उभा आहे कशावर, हे कोणत्याही व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. कारण हा कारोबार एकदा जवळजवळ बुडाला होता. मोठ्या भागात पाच वर्षे दुकान बंद ठेवावे लागले, तेव्हा तो पुन्हा उभा राहिला. आज तो पुन्हा त्याच वळणावर येऊन ठेपला आहे.

माल कोणता?

स्ट्राइप्ड बासच्या रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळसर पट्टे असतात, जणू एखाद्या कारागिराने पट्टी लावून ओढलेले. चेसापीक उपसागराच्या परिसरात त्याला रॉकफिश म्हणतात. मेरीलँड राज्याने तर त्याला आपला राज्यमासा ठरविले आहे. मासा चांगला मोठा होतो, तीस वर्षांपर्यंत जगू शकतो. २०११ साली कनेक्टिकट राज्याच्या किनाऱ्याजवळ गळाला लागलेला एक मासा सुमारे ३७ किलो भरला आणि तो जागतिक विक्रम ठरला.

बंगालचा हिलसा जसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीच्या गोड्या पाण्यात चढतो, तसाच हा मासाही करतो. वसंत ऋतूत तो नद्यांत शिरतो. अटलांटिक किनाऱ्यावरील या माशाचे सर्वांत मोठे माहेर म्हणजे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या. त्याखालोखाल डेलावेअर आणि हडसन या नद्या. पिल्ले काही वर्षे तेथेच वाढतात, मग समुद्राची वाट धरतात.

अंडी घालून झाली की मोठे मासे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे निघतात. मे महिन्यात न्यू जर्सी आणि लाँग आयलंड, जूनमध्ये मॅसॅच्युसेट्स, त्यानंतर मेन राज्यापर्यंत त्यांचे थवे पोहोचतात. थंडीची चाहूल लागली की हाच ताफा दक्षिणेकडे परत फिरतो. आठवडी बाजार जसा या गावाहून त्या गावाला जातो, तसा हा मासा बंदराबंदराला भेट देत जातो आणि प्रत्येक बंदराचा मौसम त्याच्या येण्याजाण्यावर ठरतो. न्यूयॉर्क राज्याच्या टोकावरील मोंटॉक, रोड आयलंडचे ब्लॉक बेट, मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड ही या धंद्याची नावाजलेली ठिकाणे.

परवाना आणि सहा गिऱ्हाइके

आपल्या कोकणात ज्याला तांडेल म्हणतात, त्याला तेथे कॅप्टन म्हणतात. पैसे घेऊन माणसे समुद्रात न्यायची तर त्याला अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा परवाना लागतो. लहान होडीच्या परवान्यावर जास्तीत जास्त सहा उतारू नेता येतात. या परवान्यासाठी ३६० दिवस पाण्यावर काम केल्याचा पुरावा, वैद्यकीय तपासणी, अमली पदार्थांची चाचणी आणि लेखी परीक्षा, असे सर्व सोपस्कार पार पाडावे लागतात. सहाहून अधिक माणसे नेणाऱ्या होड्यांची तटरक्षक दल स्वतंत्र तपासणी करते. त्यांपैकी ज्या होड्या माणशी तिकीट लावतात त्यांना हेडबोट किंवा पार्टी बोट म्हणतात.

दोन्हींत फरक आहे तो शिवणावळीच्या दुकानात आणि तयार कपड्यांच्या दुकानात असावा तसा. पार्टी बोटीवर तिकीट स्वस्त, गर्दी जास्त, सर्वांना एकच माप. चार्टरवर पूर्ण होडी एकाच मंडळीची असते आणि तांडेल त्यांच्या हौशीप्रमाणे दिवस बेततो. चार्टर होडीचे अर्ध्या दिवसाचे भाडे साधारण ६०० ते १,००० डॉलरच्या घरात असते, पूर्ण दिवसाचे त्याहून बरेच अधिक. सहाजण ते आपसांत वाटून घेतात. अनेक राज्यांत तांडेलाच्या परवान्यातच उतारूंचा मासेमारीचा परवाना धरलेला असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला वेगळी धावपळ करावी लागत नाही.

सोबत एक खलाशी असतो. आमिष लावणे, दोर सोडविणे, मासा होडीत घेणे, तो मोजणे, साफ करणे, शिवाय ज्याला समुद्र लागला त्याला धीर देणे, ही सर्व कामे त्याची. त्याची कमाई मोठ्या प्रमाणात बक्षिसीवर चालते. भाड्याच्या १५ ते २० टक्के बक्षीस देण्याचा तेथे रिवाज आहे. म्हणून चांगला खलाशी गिऱ्हाइकाशी कधी तोंड वेडेवाकडे करून बोलत नाही.

तारीख नोंदविताना अनामत रक्कम घेतली जाते. हवा बिघडली आणि तांडेलाने फेरी रद्द केली, तर ती परत मिळते किंवा दुसरी तारीख मिळते. गिऱ्हाईकच आले नाही तर बहुधा अनामत बुडते. समुद्रात जायचे की नाही याचा निर्णय मात्र सर्वस्वी तांडेलाचा. गिऱ्हाईक कितीही तयार असले, तरी वारा वाढलेला असताना होडी काढणारा तांडेल शहाणा मानला जात नाही.

होडीवरील एक सकाळ

सूर्य उगवण्यापूर्वी होडी धक्का सोडते. हा मासा मंद उजेडाचा आणि वाहत्या पाण्याचा शौकीन आहे. भरती-ओहोटीचे पाणी जेथे खडकांवरून किंवा वाळूच्या उंचवट्यावरून जोराने वाहते, तेथे पृष्ठभागावर खळबळ उठते. त्या खळबळीमागे बास प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारी लहान मासळी टिपतो. कोणत्या खडकावर ओहोटीच्या कितव्या तासाला मासा उभा राहील, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात काय होते आणि भांगाच्या पाण्यात काय होते, हेच तांडेलाचे खरे भांडवल. कित्येक तांडेल वर्षानुवर्षांच्या नोंदी वहीत ठेवतात आणि ती वही दुकानाच्या खतावणीसारखी जपतात. आता ध्वनिलहरींनी पाण्याखालचा मासा दाखविणारी यंत्रे प्रत्येक होडीवर आली आहेत. परंतु यंत्र मासा कोठे आहे ते दाखविते. तो तासाभराने कोठे जाईल, हे त्या वहीतच सापडते.

पकडण्याच्या रीती अनेक. कोणी जिवंत वाम किंवा मेनहेडन हा तारलीसारखा मासा गळाला लावून होडी प्रवाहाबरोबर वाहू देतात. कोणी शिशाच्या डोक्याची, केसांच्या झुपक्याची बनावट आमिषे वरखाली झटकतात. मोंटॉककडे एक जुनी रीत आहे, ती तारेची. प्रवाह जोरदार असला की साधा दोर वर उचलला जातो, म्हणून दोराऐवजी धातूची बारीक तार सोडतात आणि चालत्या होडीमागून आमिष ओढतात. शंभर फूट तार सोडली की आमिष सुमारे दहा फूट खोल जाते, हा तेथला ठोकताळा. पाणी किती खोल आहे हे पाहून खलाशी तार मोजून सोडतो. थोडी कमी पडली तर मासा बघत नाही, थोडी जास्त झाली तर आमिष खडकात अडकते. सगळा हुनर त्या मापात आहे.

मासा लागला की रॉड वाकतो, रीळ किंचाळू लागते आणि खलाशी तो रॉड गिऱ्हाइकाच्या हाती देतो. वास्तविक मासा सापडला तो तांडेलाच्या अकलेने आणि खलाशाच्या हाताने. परंतु तो ओढून आणण्याची झुंज गिऱ्हाइकाची. मुंबईसारख्याच गर्दीच्या शहरात आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ती दहा मिनिटे मोलाची वाटतात. दहा वर्षांच्या मुलाने पकडलेल्या पहिल्या माशाचे छायाचित्र घरातील भिंतीवर पुढे कित्येक वर्षे राहते. दाम मोजला जातो तो याचा. म्हणूनच जाणते तांडेल मासा मिळेलच अशी हमी कधीही देत नाहीत. ते प्रामाणिक प्रयत्नाची हमी देतात, आणि ती पाळतात.

खर्चाची बाजू

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की दिवसाला हजार डॉलर म्हणजे चांदीच आहे. पण हिशेब मांडला की चित्र बदलते. उत्तरेकडील बंदरांत मौसम मे ते ऑक्टोबर, म्हणजे जेमतेम सहा महिने. त्यातून वादळवाऱ्याचे दिवस वजा करायचे. डिझेल, धक्क्याचे भाडे, विमा, आमिष, खलाशाची मजुरी, तुटलेल्या तारा आणि हरवलेले गळ हा खर्च रोजचा किंवा महिन्याचा. खारे पाणी इंजिनाला आणि तारांना सतत खात असते. हिवाळ्यात होडी पाण्याबाहेर काढून झाकून ठेवायची, तळ घासायचा, रंगवायचा. या सहा महिन्यांत गल्ल्यात काहीच येत नाही, पण विम्याचे आणि कर्जाचे हप्ते येतच राहतात. म्हणून कित्येक तांडेल हिवाळ्यात सुतारकाम, होड्यांची दुरुस्ती किंवा दुसरी एखादी नोकरी करतात.

आणखी एक बंधन विचारात घेण्यासारखे आहे. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडचा समुद्र अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो आणि तेथे स्ट्राइप्ड बास पकडण्यास १९९० सालापासून बंदी आहे. मासा पलीकडे दिसत असला तरी त्याच्या मागे जाता येत नाही. सगळा कारोबार किनाऱ्यालगतच्या त्या अरुंद पट्ट्यात करावा लागतो. शिवाय मेन, न्यू हॅम्पशायर, कनेक्टिकट आणि न्यू जर्सी या राज्यांत हा मासा विकण्यास मुळीच परवानगी नाही. तेथे तो केवळ हौशी शिकाऱ्यांसाठी राखलेला आहे. म्हणजे बाजारात माशाचा भाव काय, याच्याशी त्या तांडेलाला देणेघेणे नसते. त्याचा सगळा धंदा मासा समुद्रात असण्यावर आहे.

जुना मासा, जुना कायदा

या माशाला जपण्याचा विचार आजचा नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये इंग्रज वसाहतवाले आले तेव्हा हा मासा इतका विपुल होता, की लोक तो शेतात खत म्हणून टाकीत. १६३९ साली तेथील कायदेमंडळाने कायदा करून बास आणि कॉड हे मासे खतासाठी वापरण्यास मनाई केली. आपल्याकडे तेव्हा शाहजहानची कारकीर्द चालू होती.

हौशी शिकाऱ्यांसाठी पैसे घेऊन काम करण्याची रीतही जुनी. १८६४ साली न्यूयॉर्कच्या धनिकांनी कटीहंक नावाच्या बेटावर बास माशाच्या शिकारीसाठी क्लब स्थापन केला. समुद्रातील खडकांवर लाकडी मचाणे बांधली जात आणि त्यावर बसून शेठमंडळी गळ टाकीत. पाण्यात चारा फेकून मासा जवळ आणण्यासाठी माणसे मजुरीवर ठेवलेली असत. आमिष म्हणून चक्क शेवंड वापरीत, जो आज तेथल्या हॉटेलांत महाग विकला जातो. एकाने जागा आणि मासा दाखवायचा, दुसऱ्याने हौस भागवून दाम द्यायचा, हा आजच्या चार्टर धंद्याचाच पाया त्या मचाणांवर दिसतो. पुढे त्या शतकाच्या अखेरीस मासा कमी झाला आणि क्लबाची रौनकही ओसरली. तो पहिला इशारा होता.

पाच वर्षे कुलूप

दुसरा इशारा विसाव्या शतकात मिळाला आणि तो फार महागात पडला. १९७३ साली व्यापारी मच्छीमारांनी या माशाचा सुमारे दीड कोटी पौंड माल उतरविला. विक्रमी आवक होती, सर्वजण खूश होते. अवघ्या दहा वर्षांत, १९८३ साली, ही आवक पस्तीस लाख पौंडांवर आली. जाळ्यांनी आणि गळांनी बेसुमार उपसा झाला होता आणि नद्यांचे पाणीही बिघडले होते. मोठ्या माद्या संपत चालल्या होत्या आणि चेसापीकमध्ये दरवर्षी पिल्ले कमी सापडत होती. सर्वांनी नफा समजून जे खाल्ले, ते मुद्दल होते.

१९८४ साली अमेरिकन संसदेने या एकाच माशासाठी स्वतंत्र कायदा केला. किनाऱ्यावरील सर्व राज्यांनी मिळून आखलेला आराखडा जे राज्य पाळणार नाही, त्याची या माशाची मासेमारी केंद्र सरकार बंद करू शकेल, असा त्याचा रोख होता. १ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडने संपूर्ण बंदी घातली. व्यापारी असो वा हौशी, कोणालाही हा मासा नेता येणार नव्हता. डेलावेअरने त्याच वर्षी आणि व्हर्जिनियाने १९८९ साली तोच मार्ग धरला. इतर राज्यांनी किमान लांबीची मर्यादा वाढवीत नेली. उद्देश एकच होता. १९८२ साली जन्मलेल्या माद्यांना निदान एकदा अंडी घालू द्यायची, तोवर त्यांना हात लावायचा नाही.

आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत दोन महिने यांत्रिक होड्या बंद राहतात, तर कोळीवाड्यात चूल कशी चालवायची असा प्रश्न पडतो. मेरीलँडमध्ये हे कुलूप पाच वर्षांहून अधिक काळ होते. चेसापीकमधील चार्टर तांडेलांनी तो काळ बराचसा ब्ल्यूफिश या दुसऱ्या माशावर काढला. ज्यांच्याजवळ दुसरा माल नव्हता, त्यांनी होड्या विकल्या.

परंतु सबुरीचे फळ मिळाले. १९८९ साली पिल्लांची गणती चांगली आली आणि १९९० साली मर्यादित प्रमाणात मासेमारी सुरू झाली. १९९३ आणि १९९६ साली पिल्लांची विक्रमी पैदास झाली. १९९५ साली चेसापीकचा साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यानंतरची दहा-बारा वर्षे चार्टर धंद्याची भरभराटीची गेली. नव्या होड्या आल्या, नवे तांडेल आले, बंदरांतील हॉटेले आणि गळ-दोरांची दुकाने चालू लागली. एक मासा परतला आणि त्याच्याबरोबर पूर्ण बाजारपेठ परतली.

तीन इंचांची खिडकी

दुर्दैवाने सुबत्ता आली की माणूस मागचे विसरतो. २०१९ साली शास्त्रज्ञांनी पुन्हा जाहीर केले की मासा प्रमाणाबाहेर पकडला जात आहे आणि माद्यांचा साठा घटला आहे. या वेळी दोष केवळ जाळ्यांना देता येत नव्हता. आता या माशाची बहुतेक हानी हौशी शिकाऱ्यांकडून होते. त्यातही एक विचित्र गोष्ट आहे. पकडलेल्या माशांपैकी बहुतेक सोडून दिले जातात, पण सोडलेल्या दर शंभरांपैकी सुमारे नऊ मरतात असे शास्त्रज्ञ धरतात. सोडलेल्या माशांची संख्या कोटींत असल्याने, कित्येक वर्षी एकूण हानीपैकी निम्म्याच्या आसपास हानी या ‘सोडून दिलेल्या’ माशांचीच भरते. गिऱ्हाईक समजते की आपण मासा वाचविला. वहीत मात्र तोटा चढलेला असतो.

त्यामुळे नियम एकामागून एक आले. २०२० साली समुद्रकिनाऱ्यावर माणशी दिवसाला एकच मासा, आणि तोही २८ ते ३५ इंचांच्या दरम्यानचा, असे ठरले. त्याहून लहान सोडायचा, कारण तो अजून वाढायचा आहे. त्याहून मोठाही सोडायचा, कारण मोठी मादी लाखो अंडी घालते. नैसर्गिक आमिषासाठी वर्तुळाकार गळ सक्तीचा झाला. त्याचे टोक आत वळलेले असल्याने तो पोटात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. मासा उचलण्यासाठी अंगात आकडी खुपसण्यास मनाई झाली. उन्हाळ्यातील कढत पाण्यात सोडलेला मासा जास्त मरतो, म्हणून २०२१ साली मेरीलँडने जुलैच्या उत्तरार्धात या माशाची शिकार बंद ठेवण्याचा नियम केला.

२०२२ साली हौशी शिकाऱ्यांनी नेलेला मासा आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाला. तेव्हा मे २०२३ मध्ये तातडीचा आदेश निघाला आणि वरची मर्यादा ३५ वरून ३१ इंचांवर आली. म्हणजे २८ ते ३१, अवघ्या तीन इंचांची खिडकी. त्यात बसेल तोच मासा घरी न्यायचा. २०२४ सालच्या नियमांनी हीच खिडकी पुढे चालू ठेवली. चार्टर होड्यांच्या गिऱ्हाइकांना ३३ इंचांपर्यंतची सवलत द्यावी, असा पर्यायही त्या वेळी पुढे आला होता. तांडेलांचे म्हणणे असे की एकूण हानीत आमचा वाटा फार लहान, आणि आमची मात्र रोजीरोटी यावर. परंतु सर्वांना एकच नियम, असा निर्णय झाला.

चेसापीक उपसागरात तर फटका अधिक बसला. तेथे चार्टरच्या गिऱ्हाइकाला, तांडेल संगणकावर नोंद देत असेल तर, दोन मासे नेता येत होते. २०२४ पासून तेथेही एकच मासा, १९ ते २४ इंचांचा. तांडेलांच्या संघटना न्यायालयात गेल्या. न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली नाही.

तांडेलांची बाजू खोटी नाही. दोन-तीन तास गाडी हाकून येणारे कुटुंब विचारते, की सहाजणांत सहाच मासे, तेही माप जमले तर, मग एवढे भाडे कशाला? ज्याने कर्ज काढून होडी घेतली आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर रोज टेलिफोनवर द्यावे लागते.

सात वर्षांपूर्वीची आवक

परंतु नियमापेक्षा मोठी चिंता दुसरीच आहे. मेरीलँड राज्य १९५४ सालापासून दर उन्हाळ्यात ठरावीक ठिकाणी जाळे ओढून या माशाची पिल्ले मोजते. एका ओढीत सरासरी किती पिल्ले आली, हा त्याचा आकडा. दीर्घकाळची सरासरी सुमारे ११ आहे. २०२३ साली हा आकडा १ आला, २०२४ साली २ आणि २०२५ साली ४. २०१९ पासून २०२५ पर्यंत सलग सात वर्षे पैदास सरासरीच्या खाली राहिली. हिवाळे उबदार झाले आणि वसंतात नद्यांना पाणी कमी आले, ही त्याची कारणे सांगितली जातात.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. पिल्लू २८ इंचांचे व्हायला सात-आठ वर्षे लागतात. म्हणजे आज होडीवर जो मासा मिळतो, तो त्या मंदीपूर्वी जन्मलेला. गोदामात जुना माल आहे म्हणून दुकान भरलेले दिसते; नवी गाठ मात्र येत नाही. जो तांडेल आज नवी होडी घेण्याचा विचार करतो, त्याने आजचे बुकिंग पाहून चालणार नाही. त्याने २०१९ पासूनचे पिल्लांचे आकडे पाहिले पाहिजेत, कारण त्याच्या पुढच्या सात वर्षांची आवक तेथे लिहून ठेवलेली आहे.

टिकाव कोणाचा लागतो?

या परिस्थितीतही काही तांडेल आपला धंदा राखून आहेत. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, ते एकाच मालावर विसंबून राहत नाहीत. उन्हाळ्याच्या मध्यावर बास सुस्तावला की ते गिऱ्हाइकाला दुसऱ्या मासळीकडे नेतात. चेसापीकमध्ये ब्ल्यू कॅटफिश हा बाहेरून आणून सोडलेला मासा इतका माजला आहे, की तो जितका काढाल तितका सरकारलाही हवाच आहे. अनेक तांडेलांनी त्याच्याच फेऱ्या सुरू केल्या आहेत.

दुसरी गोष्ट, ते गिऱ्हाइकाला आधीच खरे सांगतात. घरी किती मासा जाईल हे टेलिफोनवरच स्पष्ट केले, की धक्क्यावर वाद होत नाही. किलोने मासा हवा असणारे गिऱ्हाईक सुरुवातीलाच गळते आणि अनुभव हवा असणारे टिकते.

तिसरी गोष्ट, मासा सोडण्याचाही त्यांनी हुनर केला आहे. हात ओले करून मासा धरायचा, शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही, छायाचित्र झटपट घ्यायचे, मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यात धरून ठेवायचे आणि शेपटीत जोर आला की सोडायचे. आपल्या हातून मोठी मादी नाहीशी होताना पाहणे, हाच कित्येक गिऱ्हाइकांच्या दिवसाचा सर्वांत आनंदाचा क्षण होतो. जे बंधन म्हणून आले, तेच त्यांनी मालात जमा करून घेतले.

१९७३ साली धक्क्यावर माशांच्या राशी लागल्या होत्या तेव्हा कोणी वही उघडून पाहिली नाही. १९८५ साली कुलूप लागले तेव्हा सर्वांनी पाहिली. आज साठा पूर्ववत करण्यासाठी २०२९ हे वर्ष ठरविलेले आहे. नद्या साथ देतील की नाही, हे कोणाच्या हाती नाही. मुद्दलाला हात लावायचा की नाही, एवढेच हाती आहे. पहाटे होडी सोडणारा तांडेल रोज त्या तीन इंचांच्या पट्टीवर हाच निर्णय घेतो. मासा मोजतो, आणि बहुतेक वेळा पाण्यात परत ठेवतो.